अल्पशा आजाराचा वैरी

आमच्या सोसायटीत कोणी गेलं की लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागते, आणि नोटीस लागली की तासाभरात तिच्यावर लाल पेनाने एक प्रश्नचिन्ह उमटतं. त्याची जागा ठरलेली. 'अल्पशा आजाराने दुःखद निधन' असं लिहिलेलं असतं ना, त्यातल्या 'अल्पशा'च्या बरोबर डोक्यावर. कमिटीने फळ्याला काच बसवली, काचेला कुलूप लावलं. प्रश्नचिन्ह काचेवर आलं. सेक्रेटरी नाडकरांनी काच पुसून घेतली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं, आणि आधीपेक्षा मोठं.

हे काम तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर रेग्यांचं. त्यात लपवाछपवी काही नाही. नाडकरांनी मीटिंगमध्ये जाब विचारला तेव्हा उभे राहून म्हणाले, "माणूस अख्खा गेला आणि आजार अल्पसा? मला त्या अल्पशा आजाराचं नाव सांगा, आत्ता पेन टाकून देतो."

नाव कोणी सांगितलं नाही. पेन अजून खिशात आहे. सोसायटीतली पोरं त्यांना 'अल्पसा अंकल' म्हणतात. मी तोंडावर रेगेसाहेब म्हणते आणि मागे जे म्हणते ते छापण्यासारखं नाही.

आधीच सांगून ठेवते, या माणसावर माझा राग आहे. चांगला मुरलेला आहे आणि हे लिहून तो जाणार नाही. कोणी माझी समजूत घालायला येऊ नये.

रेगे डॉक्टर आहेत, पण औषध देणारे नव्हेत. मुलुंडच्या या बिल्डिंगमध्ये मी नवी राहायला आले तेव्हा मला हे कुठे माहीत? वास्तुशांतीच्या दिवशी दारावर हे उभे. स्वच्छ बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी, हातात पेढ्यांचा पुडा. मी मनात म्हटलं, चला, शेजार चांगला मिळाला. त्यांनी पुडा दिला, घर हवेशीर आहे म्हणाले आणि त्याच सुरात विचारलं, "गेल्या वर्षभरात तुमच्याकडे कोणी वारलं का?"

आत होम चालू होता. भटजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला. माझी वहिनी पक्की मालवणी, ती पदर खोचून पुढेच आली. "ह्येच्या जिभेक हाड नाय काय गो?"

"कोणी वारलं नाही," मी दात आवळून म्हटलं.

"उत्तम. आणि खोकला? दोन आठवड्यांच्या वरचा?"

पेढे मी ठेवून घेतले. माणसाला परत पाठवलं.

नंतर कळलं की हाच त्यांचा धंदा. कुठल्या रोगाने किती माणसं मरतात, कोणत्या वयात मरतात, ज्यांनी उपचार घेतले त्यांचं शेवटी काय झालं, हे शोधून काढायचं. ज्या घरात मयत झाली तिथे जाऊन बसायचं आणि विचारायचं: ताप कधीपासून, खोकला कसा, पाय सुजले होते का, जेवण कधी तुटलं. नोकरीतून रिटायर झाले, पण एका संस्थेसाठी अजून गोवंडीच्या गल्ल्यांतून हेच करत हिंडतात. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "हृदयक्रिया बंद पडून मृत्यू, असं लिहितात. अहो, हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. का पडलं ते लिहा की!" कोणी म्हणालं आमचे आजोबा म्हातारपणाने गेले, तर लगेच, "म्हातारपण हे वय आहे. आजार सांगा." लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी लागली तरी हे तिच्याखाली 'कारण?' असं लिहून जिन्याने चढतात.

लग्नाकार्यात त्यांना बोलवायचं की नाही यावर आमच्याकडे घरोघरी वाद होतात. एकदा मुलीकडच्या एका बुजुर्गाने कौतुकाने विचारलं, "तुम्ही भावंडं किती?" तर रेगे म्हणाले, "हयात की एकूण?" गणपतीत आरती संपली की सगळे प्रसादाच्या रांगेत, आणि हे रांगेतल्या माणसाला, "वजन उतरलंय तुमचं. मुद्दाम उतरवलंत की आपोआप?" लोक मोदक तसाच हातात धरून विचारात पडतात.

आणि कुठलीही गोष्ट अर्धवट राहिलेली त्यांना चालत नाही. "मुलीचं लग्न झालं," कोणी म्हणतं. रेगे म्हणतात, "आणि पुढे?" "ऑपरेशन झालं." "आणि पुढे?" विचारतात आणि गप्प बसतात. समोरच्याच्या चेहऱ्याकडेसुद्धा बघत नाहीत, आपल्या गुडघ्यांकडे बघत बसतात. बसतात म्हणजे बसतातच. शेवटी समोरच्यालाच ती शांतता सहन होत नाही आणि तो बोलायला लागतो. ही युक्ती मला चांगली ठाऊक आहे. भाव करताना मीही तेच करते. आकडा सांगायचा आणि तोंड मिटायचं. जो आधी बोलला तो गेला.

माझा धंदा पडद्या-चादरींचा. घाटकोपरला फुटपाथवर चादरी अंथरून सुरुवात केली, आज दोन गाळे आहेत, आणि मधल्या सगळ्या वर्षांत मला पहिल्या भावात कोणी काही विकलेलं नाही. रेगे एकदा दुकानात आले. मी पडद्याच्या कापडाचा भाव सांगितला. मुद्दाम चढवून, शेजारी असले म्हणून काय झालं. ते "ठीक आहे" म्हणाले आणि पाकीट काढलं. माझा पाणउतारा झाल्यासारखं वाटलं मला. पहिल्या भावाला हो म्हणणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. यांचं लक्ष मागे मशीनवर बसलेल्या माझ्या शिंप्याकडे होतं. "यांना कापसाच्या कसपटाचा त्रास होतो का?" मी म्हटलं, "साहेब, त्रास मला होतोय. तुमचा."

त्याच दिवशी त्यांनी मला 'रोगाचा भार' म्हणजे काय ते समजावलं. मी विचारलं नव्हतं. म्हणाले, "किती मेले एवढंच मोजून भागत नाही. किती वर्षं आधी मेले ते मोजायचं. जो सत्तरीपर्यंत जगला असता तो पन्नाशीत गेला, तर मधली वर्षं कुणी खाल्ली? तो भार."

"म्हणजे बुडीत माल."

ते खूश झाले. "अगदी! फक्त हा माल कुठल्याही भावाने परत मिळत नाही."

हे मला तेव्हा चमकदार बोलणं वाटलं. नंतर ते माझ्याच घरात शिरलं.

दादा माझा थोरला भाऊ. सदानंद गावडे. भांडुपच्या मागच्या बाजूला दगडाचं एक यार्ड आहे, तिथे तो कटर चालवायचा. तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याला जो चकचकीत ग्रॅनाइट असतो, तो कोणीतरी कापलेला असतो. मुंबईतल्या कितीतरी बायका दादाने कापलेल्या दगडावर पोळ्या लाटत असतील. त्याला धाप लागायला लागली. छातीचा फोटो काढला, टीबी म्हणाले. औषधं घेतली, एक दिवस चुकवला नाही. कार्डावर लिहून मिळालं, उपचार पूर्ण. वर्षभरात पुन्हा धाप. पुन्हा टीबी, पुन्हा औषधं, पुन्हा उपचार पूर्ण. त्याचं घर घाटकोपरच्या डोंगरावर, वर जायला नुसत्या पायऱ्या. शेवटी पायऱ्याच होईनात, म्हणून मी त्याला आणि वहिनीला माझ्याकडे आणलं. लिफ्ट आहे म्हणून. लिफ्टसाठीच हा फ्लॅट घासाघीस करून घेतला होता, मला वाटलं, लागला कामी.

एका सकाळी चहाची वाट बघत खुर्चीत बसला होता. वहिनी कप घेऊन आली तेव्हा तो नव्हता.

सर्टिफिकेटवर हृदयक्रिया. फळ्यावरची नोटीस मीच लिहिली. अशा वेळी माणूस काय लिहितो? बाकीचे लिहितात तेच मी लिहिलं. संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले, तर माझ्या दादाच्या नोटिशीतल्या 'अल्पशा'च्या डोक्यावर लाल प्रश्नचिन्ह.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. दारावर 'विनायक व मालती रेगे' अशी पितळी पाटी आहे, तिच्यावरच मी मूठ आपटली. काय काय बोलले ते मला पूर्ण आठवत नाही, पण पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असं नाडकर सांगतात. रेगे दारात उभे राहून सगळं ऐकत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय झालं होतं त्यांना?"

"टीबी! मिळालं उत्तर?"

"औषधं मधेच सोडली होती?"

"दोनदा घेतली! दोन्ही वेळा पूर्ण!"

ते म्हणाले, "मग कागदोपत्री तुमचे बंधू यशस्वी उपचारांमध्ये मोजले गेलेत."

घरात भावाचा फोटो अजून हार घालून भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि हा मनुष्य मला म्हणतो यशस्वी. एक ठेवून द्यावी असं मनात आलं. दिली नाही, कारण त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त रागावलेला होता. तो राग माझ्यावर नव्हता, एवढं मला कळलं. कुणावर, ते कळलं नाही.

तेराव्याचं जेवण आटोपल्यावर ते खाली आले. मी दार अडवून उभी राहिले. ते माझ्या बगलेतून आत गेले आणि वहिनीसमोर, जमिनीवर, भिंतीला टेकून बसले. मला वाटलं, आता ताप, खोकला, थुंकी. पण त्यांनी विचारलं, "सदानंदराव कामावरून आले की आधी काय करायचे?"

वहिनी इतके दिवस बोललीच नव्हती. येणारे सगळे तिला शेवटच्या सकाळबद्दल विचारायचे, आणि ती मान हलवायची. या प्रश्नाला तिने तोंड उघडलं. "कपडे झाडीत. दारातच. नुसता पीठ पडा पांढरा. भुवयो पण पांढऱ्यो. पोरां हसत, बाबा म्हातारो झालो म्हणान."

"आणि पुढे?"

"पुढे काय? मी केर काढी."

रेगे गुडघ्यांकडे बघत बसले. मी घड्याळाकडे बघत होते, कधी उठतायत म्हणून. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मग ती म्हणाली, "आता झील झाडता तसेच कपडे."

झील म्हणजे मुलगा. निलेश, माझा भाचा. बापाच्या जागी त्याच यार्डात, त्याच कटरवर उभा राहत होता. तेव्हा तो तिथेच, दाराशी पंगतीच्या पत्रावळी गोळा करत होता. नवीन लग्न झालेला, दंड बघावेत असा पोरगा. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, तसा तो हसला.

"ओ अंकल, बाबांना टीबी होता. मला काय झालंय? रोज डोंगर चढतो मी."

"मधे थांबता का?"

"एकदा थांबतो. मोबाइल बघायला."

"पूर्वी मोबाइल न बघता चढायचात?"

निलेशचं हसू गेलं. दादाचा सगळा आजार एका बाजूला आणि पोराचं ते हसू जाणं एका बाजूला. मला त्या क्षणी कळलं की आता माझ्या हातात काय उरलंय आणि काय जाऊ शकतं.

दादाचे छातीचे फोटो वहिनीने गादीखाली सपाट ठेवले होते. ते घेऊन रेगे आम्हाला एका मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. निलेशचाही फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. त्या डॉक्टरबाईंनी दादाचा फोटो उजेडावर धरला आणि पहिलाच प्रश्न केला, "हे काम काय करायचे?"

इतकी वर्षं, इतके दवाखाने, हा प्रश्न दादाला कोणी केला नव्हता. थुंकी तपासली, रक्त तपासलं, घर केवढं, घरात माणसं किती, सगळं विचारलं. काम काय करतोस, एवढं नाही. त्या बाई म्हणाल्या, दगडाची बारीक धूळ छातीत जाऊन बसते, ती निघत नाही. वरून टीबीही झाला असेल, पण औषधाने टीबी जातो, धूळ जात नाही. निलेशच्या फोटोत सुरुवात होती. "आजपासून धूळ बंद केलीस तर बरंच वाचेल. नाही केलीस, तर हा वडिलांचा फोटो तुझ्यासमोर आहेच."

बाहेर आल्यावर मी निलेशला म्हटलं, "उद्यापासून यार्डात पाय ठेवायचा नाही. माझ्या दुकानात बसायचं."

"आणि माझ्या जागी जो उभा राहील तो, आत्या?" तो म्हणाला. "तिकडे सगळे माझ्याच वयाचे आहेत गं."

मी रेग्यांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते, पण मला दिसलं, हा मनुष्य मनातल्या मनात खूश झालेला होता.

आता यार्डाचे मालक शिर्के यांच्याशी बोलायचं होतं, आणि बोलण्याचं काम माझं. निघताना मी रेग्यांना बजावलं, "तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"पण काही चुकीचं बोललात तर?"

"मी भाव करायला चाललेय. चुकीचंच बोलणार."

शिर्क्यांनी खुर्च्या दिल्या, थंड मागवलं, दादाबद्दल वाईट वाटलं म्हणाले. "अहो ताई, माझ्या घरच्यासारखा होता. अल्पशा आजारात गेला बिचारा." रेग्यांच्या घशातून एक आवाज निघाला. मी त्यांच्याकडे न बघता हात वर केला.

"मास्क देतो आम्ही सगळ्यांना," शिर्के म्हणाले आणि भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला मास्क लटकत होते, पांढरेशुभ्र. रेगे उठले, एक मास्क हातात घेतला, उलटसुलट केला.

"हे वापरतात?"

"रोज!"

"मग यांच्यावर धूळ का नाही?"

समोर खुर्च्यांवर धूळ होती, बाटलीवर होती, गणपतीच्या तसबिरीवर होती, शिर्क्यांच्या मिशीवरसुद्धा होती. यार्डात तेवढे मास्कच स्वच्छ होते. बोलायचं नाही असं बजावूनही ते बोलले, पण एवढं एक माफ केलं मी.

मग मी मागणी मांडली. "यार्ड बंद करा."

"नाही नाही, तसं बंद करायची गरज नसते—" रेगे सुरू झाले. मी त्यांच्या चपलेवर पाय दिला, पूर्ण वजन टाकून.

"बंद करा," मी म्हटलं. "नाहीतर प्रत्येक कामगाराला जन्मभर घरी बसून पगार द्या. सगळ्यांच्या छातीचे फोटो काढा. नवीन मशिनी आणा, परदेशी. वहिनीच्या घरी येऊन माफी मागा."

शिर्के उसळले. "वेड लागलंय का ताई? तुमच्या भावाला टीबी होता, अख्ख्या मुंबईला टीबी आहे! जा, कुठे जायचं तिथे जा."

"कुठेच जात नाही. इथेच थांबते. तुमच्या गेटवर." मी पर्समधून दादाचा फोटो काढून टेबलावर ठेवला. "फ्लेक्स लावणार आहे. मोठा. दादाचा फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली, कारण: या गेटच्या आतली धूळ. ओटा घ्यायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक वाचेल. उतरवलात की दुसरा लावेन. छापणारा माझा गिऱ्हाईक आहे, भाव ठरलाय."

मी बोलायची थांबले. तोंड मिटलं. शिर्के घाम पुसायला लागले. आता ते बोलणार, एवढ्यात रेगे पुढे वाकले आणि मला हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "'संभाव्य कारण' लिहावं लागेल. पूर्ण सिद्ध झालेलं नाही."

"श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर कोणी संभाव्य लिहितं का, साहेब?"

"मग तळटीप द्या."

मला वाटलं, संपलं, बुडवलं या माणसाने. पण शिर्के त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्यासारख्या ओरडणाऱ्या बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या असतील. तळटिपेचा विचार करणारा माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता, आणि त्याची त्यांना जास्त भीती वाटली. हा मनुष्य उद्या परत येणार, परवा परत येणार, आणि दर वेळी खरं तेच बोलणार, हे त्यांना कळून चुकलं.

मग शिर्के खाली यायला लागले. मीही एकेक सोडत गेले. परदेशी मशिनी सोडल्या, पगार सोडला, यार्ड चालू ठेवायला परवानगी दिली. ती द्यायला मी कोण, हे शिर्क्यांना विचारायचं सुचलं नाही. शेवटी जे हवं होतं तेवढंच टेबलावर उरलं: प्रत्येक कटरवर पाण्याची नळी, कोरडा दगड कापायचा नाही, सगळ्या कामगारांची छाती तपासायची, त्या दिवसाच्या पगारासकट, आणि निलेशला कटरवरून काढून गिऱ्हाइकांच्या घरी माप घ्यायला पाठवायचं.

"पाण्याने चिखल होतो हो ताई," शिर्के रडकुंडीला येऊन म्हणाले.

"होऊ दे. चिखल छातीत जात नाही."

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "मारलं की नाही मैदान?"

"आणि पुढे?" रेगे म्हणाले. पाय चोळत होते.

पुढे असं झालं की दर महिन्याला ते स्वतः यार्डाच्या गेटशी जाऊन उभे राहतात आणि चिखल बघतात. चिखल असला की खूश होऊन परत येतात. एकदा नव्हता. त्या दिवशी शिर्क्यांचा मला फोन आला, "ताई, तुमचे ते तळटीपवाले आत येऊन बसलेत. नळी दुरुस्त होईपर्यंत उठणार नाही म्हणतात. जेवायला देऊ का?" निलेश आता हातात टेप घेऊन फिरतो. डोंगर चढताना अजून एकदा थांबतो. मी सांगितलंय, थांबायचं तर थांब, पण मोबाइलचं नाव घेऊ नकोस.

हे सगळं झालं, मग माझा राग का गेला नाही? सांगते. मी रेग्यांना म्हटलं होतं, आता माझ्या दादाचं ते 'यशस्वी' बदलून आणा. ते म्हणाले, झालेली नोंद उघडत नाहीत. दर थोड्या दिवसांनी अर्ज करतात, एकदाही उत्तर आलेलं नाही. म्हणजे कुठल्यातरी कपाटात माझा दादा अजून बरा झालेला आहे. दादाला काम काय विचारलं नाही ते डॉक्टर कोण, मला माहीत नाही. 'यशस्वी' लिहिणारा कोण, त्याचं तोंड मी बघितलेलं नाही. रागवायला माणूस समोर लागतो, आणि हा एकच माणूस माझ्या हाताशी आहे. त्यांनाही ते माहीत असावं. मी ओरडते तेव्हा ते दार लावून घेत नाहीत.

दादाचं वर्षश्राद्ध आलं तेव्हा फळ्यावरची नोटीस मी नव्याने लिहिली. 'दगडाच्या धुळीने छाती भरून निधन.' नाडकर म्हणाले, असं बरं दिसत नाही. मी म्हटलं, बरं दिसायला मेला नाही तो. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. लाल खूण काही आली नाही.

तेव्हा मीच वर गेले, श्राद्धाचे वडे घेऊन. रेग्यांनी चहा केला. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो आहे, तरुणपणचा, केसांत भरगच्च गजरा. मी या बिल्डिंगमध्ये आले त्याच्या आधीच त्या गेल्या. मालतीबाईंबद्दल इथे कोणीच काही बोलत नाही, आणि मला वाटतं ते या माणसाच्या धाकाने. कोण विचारणार? विचारलं तर हे उलटे आपल्यालाच प्रश्न विचारतील.

"साहेब," मी म्हटलं, "काकूंच्या नोटिशीत काय लिहिलं होतंत?"

त्यांनी कप बशीत ठेवला.

"अल्पशा आजाराने," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण हा माणूस थट्टा करत नाही.

"कितीतरी वर्षं आजारी होती," ते म्हणाले. "अल्पसा कुठला? पण तिने वचन घेतलं होतं माझ्याकडून. म्हणाली, जगातली सगळी माणसं तुमच्या तक्त्यात घातलीत, मला तेवढं घालू नका. मला चारचौघींसारखं जाऊ द्या." त्यांनी फोटोकडे बघितलं. "म्हणून चारचौघींसारखं लिहिलं. माझ्या हाताने."

समजूत घालणं मला जमत नाही, आणि कोणी घातलेली मला चालत नाही. मी माझ्या गुडघ्यांकडे बघत बसले. चहावर साय धरली. खालून कोणाच्यातरी कुकरची शिट्टी ऐकू आली. हा खेळ आम्हा दोघांनाही सारखाच येतो, आणि मला वाटलं, आज मी हरणार.

"तिला गजऱ्याची फार आवड," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "मी रोज आणायचो, कामावरून येताना. एक दिवस म्हणाली, नको आता, आणू नका. मला वाटलं, आवड गेली असेल, वयाप्रमाणे जाते. मी आणणं बंद केलं." मग त्यांनी आपला उजवा हात खांद्यापर्यंत उचलला आणि तिथेच थांबवला. "तिचा हात याच्या वर जात नव्हता. केसांपर्यंत पोचत नव्हता. ते पहिलं लक्षण होतं, सुरेखाबाई. दिवसभर लोकांना लक्षणं विचारायचो, आणि तिला एवढं विचारलं नाही, का नको म्हणून."

हात तसाच खांद्याशी होता. तो खाली घ्यायचं त्यांना भान नव्हतं.

मी गार झालेला चहा त्यांच्यापुढून बाजूला सरकवला आणि खुर्ची जरा जवळ ओढली.

"आणि पुढे?" मी विचारलं.